'वी आर हॅविंग टू मशीन्स' कुठे चुकतं? इंग्रजी वर्तमानकाळाबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणारे चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी वाचलं की समजतं, मीटिंगमध्ये कोण काय बोललं तेही कळतं. पण स्वतः मेल लिहायला बसलं की साधा, चालू की पूर्ण यात घोळ होतो. वरिष्ठांनी त्यांचा एक मेल लाल रेघा मारून परत पाठवला आणि त्यातली चार वाक्यं त्यांनी प्रश्नात दिली आहेत: 'आय अ‍ॅम वर्किंग इन धिस कंपनी सिन्स २०१७.' 'वी आर हॅविंग टू सीएनसी मशीन्स.' 'अवर प्लांट हेड सर कम अ‍ॅट नाइन.' 'आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे.' त्यांचं म्हणणं असं, की काळांचे तक्ते आजही पाठ आहेत, मग चुकतं कुठे?

तक्त्यात काहीच चुकत नाही. चारही वाक्यांत क्रियापदाची रूपं अगदी बरोबर बनवली आहेत. 'हॅव'ला 'आयएनजी' लावताना शेवटचा 'ई' काढायचा हेही तुम्ही विसरला नाहीत. रूप बरोबर आहे, पण ते त्या जागेचं नाही. आणि ही चुकीची जागा तुम्हाला मराठीनं दाखवली आहे. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवताना मला या चार चुका इतक्या ठरलेल्या ठिकाणी भेटतात, की वाक्य सुरू झालं की पुढे काय येणार ते कळतं. ही तशी चांगली बातमी आहे. चूक ठरलेल्या जागी होत असेल तर पहाराही तिथेच बसवता येतो, सगळं व्याकरण पुन्हा उगाळावं लागत नाही.

सुरुवात दुसऱ्या वाक्यापासून करते, कारण 'आयएनजी'चा अतिवापर हे आपलं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

शाळेत आपण त्याला 'चालू वर्तमानकाळ' म्हणून शिकतो. क्रिया चालू आहे म्हणजे 'आयएनजी'. मग माणूस विचार करतो: माझी नोकरी चालू आहे, कंपनी चालू आहे, दोन्ही मशीन चालू आहेत, म्हणजे सगळीकडे 'आयएनजी'. त्यात परीक्षेत प्रश्न असतो 'चेंज द टेन्स', आणि तिथे कुठलंही वाक्य कुठल्याही काळात फिरवून दिलं की मार्क मिळतात. त्यामुळे प्रत्येक क्रियापद प्रत्येक खणात बसतं, अशी समजूत पक्की होते. काही पुस्तकांत याच काळाला 'अपूर्ण वर्तमानकाळ' म्हटलेलं असतं. मला ते नाव जास्त कामाचं वाटतं. गोष्ट आधी सुरू झाली, पुढे कधीतरी संपणार आहे, आणि आपण तिच्याकडे मध्येच बघतोय, असं असेल तर इंग्रजी 'आयएनजी' लावतं. नुसतं 'चालू असणं' पुरत नाही.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. वाक्य मराठीत म्हणा आणि त्यात 'सध्यापुरतं' किंवा 'या क्षणी' घालून बघा. बसलं तर 'आयएनजी'. हास्यास्पद वाटलं तर साधा वर्तमानकाळ. 'मी सध्यापुरता मामेभावाकडे राहतोय', बसलं: 'आय अ‍ॅम स्टेइंग विथ माय कझिन.' 'मी सध्यापुरता तळेगावला राहतो', आणि तिथे तुमचं स्वतःचं घर आहे, मुलं तिथल्या शाळेत जातात, तर नाही बसत: 'आय लिव्ह इन तळेगाव.' 'आमच्याकडे सध्यापुरत्या दोन सीएनसी मशीन आहेत' असं तुम्ही म्हणणार नाही. त्या फाउंडेशनवर बोल्ट मारून बसवल्या आहेत. म्हणून 'वी हॅव टू सीएनसी मशीन्स.'

फरक किती खरा आहे ते नदीवर बघा. 'द कृष्णा रायझेस अ‍ॅट महाबळेश्वर' म्हणजे कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. भूगोलाचं वाक्य, आजही खरं आणि शंभर वर्षांनीही खरं. 'द कृष्णा इज रायझिंग अ‍ॅट सांगली' म्हणजे आयर्विन पुलाजवळ पाणी चढतंय, सामान माळ्यावर टाका. शब्द तोच, 'आयएनजी' आलं आणि भूगोलाचा पूर झाला.

तुमच्या कामातलं उदाहरण याहून जवळचं आहे. शिफ्टच्या लॉगबुकात एक जण लिहितो, 'द कूलंट पंप लीक्स.' दुसरा लिहितो, 'द कूलंट पंप इज लीकिंग.' पहिलं वाक्य वाचून रात्रपाळीचा माणूस समजतो की या पंपाला गळायची सवय आहे, सगळ्यांना माहीत आहे, पुढच्या शटडाउनला बघू. दुसरं वाचून तो उठून पंपाकडे जातो, कारण आत्ता गळतंय. आणखी नेमकं लिहायचं तर 'द पंप लीक्स व्हेन द प्रेशर गोज अप.' म्हणजे एरवी ठीक, दाब वाढला की गळतो. इथे 'इज लीकिंग व्हेन द प्रेशर इज गोइंग अप' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळत नाही की एकदा घडलेलं सांगताय की नेहमीचं. बिघाडाचं कारण शोधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

आता काही क्रियापदं अशी आहेत की त्यांना 'सध्यापुरतं' सहसा लागतच नाही. 'नो', 'वाँट', 'नीड', 'बिलीव्ह', 'अंडरस्टँड', 'ओन', 'बिलाँग', 'कन्टेन', 'कॉस्ट', 'डिपेंड'. यांत क्रिया नसते, स्थिती असते. 'मला माहीत आहे', 'मला हवं आहे', 'माझा विश्वास आहे' ही वाक्यं मराठीत 'आहे'वर संपतात. आणि डोक्यात 'आहे' आलं की हात आपोआप 'अ‍ॅम', 'इज', 'आर' लिहितो. 'अ‍ॅम' लिहून झालं की पुढे 'नो' उघडं कसं ठेवायचं म्हणून 'नोइंग' होतं. 'आय अ‍ॅम नोइंग हिम'ची जन्मकथा ही अशी आहे. याचाच भाऊ म्हणजे 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री'. 'मी सहमत आहे' यातला 'आहे' तिथे 'अ‍ॅम' होऊन बसतो. बरोबर वाक्य 'आय अ‍ॅग्री', दोनच शब्द. तसंच 'आय अ‍ॅम बिलाँग टू कोल्हापूर'. मुलाखतीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कोल्हापूरकरांनी रागावू नये. साताऱ्याचे आणि नगरचेही हेच म्हणतात. 'आय अ‍ॅम फ्रॉम कोल्हापूर' म्हणा आणि सुटा.

पण या यादीचं पाठांतर करू नका, कारण यातली बरीच क्रियापदं दोन घरची आहेत. 'हॅव'चंच बघा. मालकीचा 'हॅव' असेल तर 'आयएनजी' नाही. पण 'हॅव'चा अर्थ खाणं, घेणं, भोगणं असा झाला की चालतं: 'ही इज हॅविंग लंच', 'वी आर हॅविंग अ मीटिंग'. तुमचंच वाक्य थोडं बदललं तर ते बिनचूक होतं: 'वी आर हॅविंग ट्रबल विथ वन ऑफ द मशीन्स.' मशीन कायमची आहे, त्रास सध्यापुरता आहे. निदान आपली तशी आशा असते. 'थिंक'ही तसंच. 'आय थिंक द बेअरिंग इज गॉन' हे माझं मत. 'वी आर थिंकिंग ऑफ चेंजिंग द सप्लायर' म्हणजे विचार चालू आहे, ठरलेलं नाही. 'सी'चा अर्थ दिसणं असेल तर 'आय सी', भेटणं असेल तर 'आय अ‍ॅम सीइंग द डॉक्टर अ‍ॅट फाइव्ह'. 'ही इज रूड' म्हणजे माणूसच उद्धट. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आज त्याचं काहीतरी बिनसलंय. कसोटी तीच, 'सध्यापुरतं'.

एका ठिकाणी मात्र 'आयएनजी'मुळे भांडण लागू शकतं. 'ऑल्वेज'बरोबर ते आलं की त्यात वैताग मिसळतो. 'द कस्टमर ऑल्वेज आस्क्स फॉर अ टेस्ट रिपोर्ट' ही माहिती झाली. 'द कस्टमर इज ऑल्वेज आस्किंग फॉर अ टेस्ट रिपोर्ट' म्हणजे 'सारखा मेला रिपोर्ट मागत असतो'. हा मेल चुकून कस्टमरलाच गेला तर तुमच्या मनात वैताग नव्हता हे पटवून देणं कठीण.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'आय अ‍ॅम नोइंग', 'वी आर हॅविंग' हे सगळ्या भारतात बोललं जातं आणि भाषेचे अभ्यासक याची नोंद भारतीय इंग्रजीचं एक वैशिष्ट्य म्हणून करतात. कँटीनमध्ये चहा पिताना कोणी असं बोललं तर मी दुरुस्त करत नाही. समजतं, काम होतं, विषय संपला. पण लॉगबुक, कस्टमरचा मेल, कराराचा मसुदा इथे अर्थ बदलतो, ते आपण वर पाहिलं. आणि परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणार असाल तर बोलण्याच्या आणि लिहिण्याच्या दोन्ही पेपरांत चार निकषांपैकी एक निकष व्याकरणाचाच आहे. तिथे 'आमच्याकडे असंच म्हणतात' ऐकून घेणारं कोणी नसतं.

आता पहिलं वाक्य. 'आय अ‍ॅम वर्किंग इन धिस कंपनी सिन्स २०१७.'

मराठीत 'मी २०१७ पासून इथे काम करतोय' हे वाक्य निर्दोष आहे. वर्तमानकाळाचं रूप आणि 'पासून', एवढ्यावर भागतं. जर्मन आणि फ्रेंच माणसंही इंग्रजी शिकताना हीच चूक करतात, कारण त्यांच्याही भाषांत अशा ठिकाणी वर्तमानकाळ चालतो. थोडक्यात, इथे विचित्र वागते ती इंग्रजी. तिला 'आत्ता काय करतोस' आणि 'कधीपासून करतोस' हे दोन वेगळे प्रश्न वाटतात आणि दोन्हींना वेगळी रूपं लागतात. म्हणून वाक्यात 'कधीपासून' किंवा 'किती दिवस झाले' याचं उत्तर असेल तर 'अ‍ॅम', 'इज', 'आर' तिथे राहू शकत नाहीत. 'हॅव' किंवा 'हॅज' यायलाच हवं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१७.' 'वर्क', 'लिव्ह', 'टीच' अशा क्रियापदांना 'आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स २०१७' म्हटलं तरी चालतं, अर्थामध्ये फारसा फरक नाही.

स्थितीच्या क्रियापदांना इथेही 'आयएनजी' नाही. 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.' 'वी हॅव हॅड धिस मशीन सिन्स २०१९.' या 'हॅव हॅड'ला लोक फार घाबरतात. टाइप करताना चुकून दोनदा पडलं असं वाटतं. पडलेलं नाही. पहिला 'हॅव' काळाचा, दुसरा 'हॅड' मालकीचा.

'सिन्स' आणि 'फॉर' यांत गोंधळ असेल तर एवढंच बघा: सुरुवातीचा क्षण सांगताय की लांबी? २०१७, सोमवार, सकाळचे नऊ, लग्न झाल्यापासून, हे सगळे सुरुवातीचे क्षण, म्हणून 'सिन्स'. आठ वर्षं, तीन तास, बराच काळ, ही लांबी, म्हणून 'फॉर'. 'सिन्स टेन इयर्स' हे आपल्याकडे बायोडेटात सर्रास दिसतं. ते 'फॉर टेन इयर्स' हवं.

चुकीतून पळताना उलट्या बाजूला पडू नका. 'हॅव बीन' अवघड वाटतं म्हणून काही जण मुलाखतीत सरळ 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणतात. समोरचा त्याचा अर्थ 'नोकरी सोडली' असाच घेतो आणि पुढचा प्रश्न येतो, का सोडली? सध्याच्या नोकरीबद्दल बोलत असाल तर 'हॅव' गाळू नका. याच कुळातली आणखी एक जोडी बघा. 'ही हॅज गॉन टू जर्मनी' म्हणजे गेलाय, अजून तिथेच आहे. 'ही हॅज बीन टू जर्मनी' म्हणजे जाऊन आलाय.

चौथं वाक्य इथेच उरकते. 'आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे.' मराठीत 'काल पाठवलाय की!' हे रोजचं बोलणं आहे. इंग्रजीत संपलेल्या वेळेचं नाव घेतलं की 'हॅव' गेलं. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन २०१७', 'अ‍ॅट टेन धिस मॉर्निंग' हे दुपारी म्हणताना, सगळीकडे 'आय सेंट'. वेळेचं नाव नसेल आणि मुद्दा 'पाठवलाय, आता तुम्ही बघा' असा असेल तर 'आय हॅव सेंट द रिपोर्ट'. आठवडा अजून संपला नसेल तर 'आय हॅव सेंट टू रिमाइंडर्स धिस वीक' हे बरोबर. अमेरिकन लोक 'आय ऑलरेडी सेंट इट' म्हणतात, ब्रिटिश 'आय हॅव ऑलरेडी सेंट इट' म्हणतात. त्यावरून कोणी तुम्हाला टोकलं तर वाद घालू नका, दोन्ही चालतं.

तिसरं वाक्य माझं आवडतं. 'अवर प्लांट हेड सर कम अ‍ॅट नाइन.' 'एस' गळला, एवढंच बहुतेक शिक्षक सांगतात. पण तो का गळला ते बघा. मराठीत 'शिपाई येतो' पण 'साहेब येतात'. आदरासाठी आपण एका माणसाला अनेकवचनात घालतो, आणि तोच आदर इंग्रजीत गेल्यावर 'सर कम', 'माय फादर वर्क इन अ बँक', 'मॅडम हॅव टोल्ड मी' असा बाहेर येतो. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी हे कितीदा पाहिलंय: भाऊ, मित्र, शेजारी यांना 'एस' बरोबर लावलेला असतो आणि वडील, सर, आजी आल्या की गायब. इंग्रजीत क्रियापदातून आदर दाखवायची सोयच नाही. पंतप्रधान असोत नाहीतर मांजर, दोघांनाही 'कम्स' आणि 'हॅज'. सरांना 'एस' लावल्यानं त्यांचा अपमान होत नाही.

दुसरं कारणही आपल्या भाषेतच आहे. पुरुष बोलत असेल तर 'मी करतो' आणि 'तो करतो' ही दोन्ही रूपं एकच. बाई बोलत असेल तर 'मी करते' आणि 'ती करते' एकच. म्हणजे 'मी'वरून 'तो'वर जाताना क्रियापद बदलायची सवयच आपल्या जिभेला नाही. इंग्रजी नेमकं तिथेच बदलतं. आणि आपला 'स' आहे कुठे? 'तू करतोस'मध्ये. जिथे इंग्रजीत काहीच लागत नाही तिथे.

हा 'एस' इंग्रजांकडेही फार जुना मानकरी नाही. प्रमाण इंग्रजीत पूर्वी 'ही गोएथ', 'ही हॅथ' अशी रूपं होती. 'एस' उत्तर इंग्लंडच्या बोलीतला, तो खाली सरकत लंडनला आला आणि साधारण १६०० च्या सुमारास दोन्ही रूपं शेजारी शेजारी वापरात होती. इंग्लंडमध्येच नॉरिचच्या बाजूला अजूनही बोलीत 'ही गो' ऐकू येतं. पण तुमचा कस्टमर नॉरिचचा निघाला तरी लिहिताना 'एस' लावा.

'एस' लावल्यावर तो ऐकूही यायला हवा. 'वर्क्स', 'स्टॉप्स', 'चेक्स' यात स्वच्छ 'स'. 'रन्झ', 'कम्झ', 'लिव्हझ' यात 'झ'. 'चेंजिझ', 'वॉचिझ', 'युझिझ' यात एक अख्खं अक्षर वाढतं. 'आस्क्स', 'टेस्ट्स' यांसारख्या जोडाक्षरांत आपली जीभ अडखळते आणि 'एस' तोंडातच राहतो. पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तर तो त्याला जोडून म्हणायचा: 'आस्क-सफॉर' नाही, पण 'टेस्ट-सिट', म्हणजे 'टेस्ट्स इट'. 'सेज' नाही, 'सेझ', आणि 'डूज' नाही, 'डझ'. स्पेलिंग बघून वाचणाऱ्यांची इथे फसगत होते.

नकार आणि प्रश्न आले की 'एस' मुख्य क्रियापदावरून उडून 'डू'वर बसतो: 'ही वर्क्स', पण 'ही डझन्ट वर्क', 'डझ ही वर्क?' एका वाक्यात त्याला एकदाच जागा. 'ही डझन्ट वर्क्स' म्हणजे एकाच सीटवर दोन तिकिटं. 'हू वर्क्स हिअर?'मध्ये मात्र 'डझ' नाही, कारण 'हू' हाच कर्ता आहे.

कर्ता ओळखण्यातही चूक होते. 'वन ऑफ द ऑपरेटर्स इज ऑन लीव्ह', कारण रजेवर एकच आहे. 'द लिस्ट ऑफ स्पेअर्स इज अटॅच्ड', जोडली आहे ती यादी. 'एव्हरीवन नोज', जरी सगळ्यांना माहीत असलं तरी. 'ट्वेंटी थाउजंड रुपीज इज टू मच', एक रक्कम म्हणून. 'द पोलीस आर हिअर' मात्र अनेकवचनी, हा अपवाद लक्षातच ठेवायचा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्याच मेलमध्ये लागेल असं एक सांगते. वर्तमानकाळ उद्यासाठीही वापरतात. तिथे मराठी निम्मी मदत करते आणि निम्मी दगा देते. वेळापत्रकातली गोष्ट साध्या वर्तमानात: 'द डेक्कन क्वीन लीव्ह्ज पुणे अ‍ॅट ७:१५.' माणसानं ठरवलेली गोष्ट 'आयएनजी'मध्ये: 'आय अ‍ॅम टेकिंग द डेक्कन क्वीन टुमॉरो.' आपण 'मी उद्या येतो' म्हणतो म्हणून 'आय कम टुमॉरो' लिहितो, ते चूक. 'आय अ‍ॅम कमिंग टुमॉरो' किंवा 'आय विल कम टुमॉरो'. फोनवर 'आलोच!' याचं 'आय केम' होत नाही, 'आय अ‍ॅम कमिंग' होतं. निरोप घेतानाच्या 'येतो'चं तर काहीच करू नका, 'बाय' म्हणा.

दगा आहे तो 'तेव्हा' आणि 'जर'मध्ये. 'साहेब येतील तेव्हा मी विचारीन' यात दोन्हीकडे भविष्यकाळ. म्हणून आपण लिहितो, 'व्हेन सर विल कम, आय विल आस्क.' इंग्रजीत भविष्य एकाच बाजूला राहतं आणि अटीच्या बाजूला वर्तमानकाळ येतो: 'व्हेन सर कम्स, आय विल आस्क.' 'इफ', 'व्हेन', 'अनटिल', 'अ‍ॅज सून अ‍ॅज', 'बिफोर', 'आफ्टर', सगळ्यांना हाच कायदा. 'वी विल स्टार्ट द ट्रायल अ‍ॅज सून अ‍ॅज द मटेरियल अराइव्ह्ज.' 'विल अराइव्ह' नाही. सरांचा 'एस' इथेही आहे, बघा.

आणखी एक जागा, जिथे साध्या वर्तमानकाळाला पर्याय नाही. म्हणणं हेच जिथे करणं असतं, तिथे 'आयएनजी' लावलं की वजन जातं. 'वी कन्फर्म द ऑर्डर' लिहिलं की ऑर्डर पक्की झाली. 'वी आर कन्फर्मिंग द ऑर्डर' वाचून सप्लायरला वाटतं अजून फाइल फिरतेय, आणि तो माल काढायचा थांबतो. 'आय अपॉलजाइज फॉर द डिले' ही माफी झाली. 'आय अ‍ॅम अपॉलजायझिंग' म्हणजे माफी मागण्याचं काम प्रगतिपथावर आहे. 'वी अ‍ॅक्सेप्ट', 'आय रेकमेंड', 'वी रिक्वेस्ट', 'आय प्रॉमिस' ही सगळी याच रांगेतली. 'आय अ‍ॅम रायटिंग टू इन्फॉर्म यू' मात्र ठीक, कारण मेल लिहिणं खरंच चालू आहे. मेलच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' लिहा किंवा 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड' लिहा. पहिलं औपचारिक, दुसरं थोडं घरगुती, चूक कुठलंच नाही.

दुरुस्तीचं काम म्हणून सांगायचं तर तक्ते बंद करा आणि स्वतःचे पाठवलेले मेल उघडा. गेल्या आठवड्यातले पुरतील. प्रत्येक 'आयएनजी'खाली रेघ मारा आणि 'सध्यापुरतं' लावून बघा. माझा अनुभव असा, की मेंटेनन्स किंवा अकाउंट्सवाल्यांच्या मेलमधली बरीच 'आयएनजी' तिथल्या तिथे उडतात आणि वाक्यं आखूड होतात. मग 'सिन्स' आणि 'फॉर' शोधा. काही सुरुवात सांगत असेल किंवा आजपर्यंतची लांबी मोजत असेल, तर अलीकडे 'हॅव' किंवा 'हॅज' आहे का ते बघा. 'यस्टरडे' आणि 'लास्ट' शोधा, त्यांच्या अलीकडे 'हॅव' नाही ना ते बघा. शेवटी 'सर', 'मॅडम' आणि माणसांची नावं शोधा, पुढच्या क्रियापदाला 'एस' आहे का. कॉम्प्युटरवर शोधायची सोय आहेच, एका मेलला फार वेळ लागत नाही.

बोलण्याला ही गाळणी लावू नका. मीटिंगमध्ये 'ही गो' तोंडातून गेलं तर मागे फिरून 'सॉरी, ही गोज' करत बसलात की ऐकणारा मुद्दा विसरतो आणि तुम्हीही विसरता. बोलताना फक्त 'सिन्स'वर लक्ष ठेवा, कारण 'अ‍ॅम वर्किंग सिन्स' परक्या कानाला सगळ्यात जास्त खटकतं. 'एस' लिहिण्यात बसला की तो बोलण्यात आणणंही सोपं जातं.